शाळा सुरू होण्याआधी मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

निळाई

नमस्कार मंडळी. लेक सव्वातीन वर्षांची आहे आणि दोन-अडीच महिन्यांत तिची शाळा सुरू होतेय. घरात तोंडाचा पट्टा चालू असतो, पण बाहेर पडली की एक शब्द नाही. नवं माणूस दिसलं की माझ्या मागे लपते. आतापर्यंत मला किंवा आजीला सोडून ती कुठे राहिलेली नाही.

सगळ्यात जास्त घोर आहे तो एका गोष्टीचा. शू लागली की ती तोंडाने सांगत नाही. चवड्यांवर उभी राहते, माझी करंगळी धरते आणि ओढते. घरात सगळ्यांना ते कळतं. शाळेत एवढ्या मुलांच्या गलक्यात बाईंना कसं कळणार?

इकडे नातेवाईक भेटले की एकच विचारतात, "अक्षरं येतात का? शंभरपर्यंत आकडे म्हणते का?" अक्षरं येत नाहीत. आकडे दहापर्यंत म्हणते, पण सहानंतर थेट आठ. आता या वेळात नेमकं काय करून घेऊ? अक्षरं बसवून घेऊ का? आणि सोडायला गेल्यावर रडली तर काय करायचं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत, ज्या स्वतः शिकवतात, सगळ्यांनी सांगा. कितीही मोठं लिहिलंत तरी वाचेन.

कुंचला

निळाई, मी शिशुवर्गाला शिकवते, बरीच वर्षं झाली. अक्षरं शिकवणं माझं काम आहे, ते माझ्यावर सोडा. अक्षरं न येणारं मूल पहिल्या दिवशी कुठेही अडत नाही. अडतं ते डबा न उघडणारं मूल.

हे अगदी दरवर्षी बघते. डब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट कड्या असतात. मूल डबा मांडीवर घेऊन बसतं, एकदा ओढून बघतं, मग इकडेतिकडे बघत राहतं. मागत नाही, रडत नाही. माझं लक्ष जाईपर्यंत बाकीच्यांचं खाऊन झालेलं असतं. घरी पालक म्हणतात, "डबा तसाच परत आला, आवडला नसेल." म्हणून डबा आणि पाण्याची बाटली मुलाच्या हातात द्या, त्याला स्वतः उघडता आणि *बंद करता* आली तरच घ्या. त्याच डब्यात घरी जमिनीवर बसून रोज एकदा खाऊ दे.

कपड्यांचंही तेच. पहिले काही महिने इलॅस्टिकची चड्डी-पँट. बटण, हुक, पट्टा, नाड्या काही नको. बूट चिकटपट्टीचे. आणि प्रत्येक वस्तूवर नावासोबत एखादं चित्र चिकटवा, कारण नाव आपल्याला वाचता येतं, तिला नाही. पानाचं चित्र म्हणजे माझी बाटली, हे तिला लगेच कळेल.

आता शूबद्दल. तुमची काळजी योग्य आहे आणि त्यावर करण्यासारखं बरंच आहे. एक वाक्य ठरवा: "बाई, मला शू आली." तेवढंच, दुसरं काही नाही. ते तुम्हाला म्हणून काही उपयोग नाही, कारण तुम्हाला करंगळीवरून कळतंच. आधी आजीला सांगू दे, मग शेजारच्या काकूंना, मग मावशीकडे गेल्यावर मावशीला. ओळखीच्या पण जरा लांबच्या माणसांपर्यंत ते वाक्य गेलं पाहिजे. मग अनोळखी बाईंपर्यंतची उडी लहान राहते.

शक्य असेल तर शाळा सुरू व्हायच्या आधी शाळेतलं स्वच्छतागृह तिला दाखवून आणा. वर्ग, खेळणी, बाग सगळे दाखवतात, हे कुणी दाखवत नाही. फ्लशचा मोठा आवाज, वेगळी उंची, वेगळा वास, थोडा अंधार, यातलं काहीही मुलांना पुरतं. मग ती दाबून धरतात. शी दाबून धरली की ती कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखलं की मूल आणखी दाबतं, आणि या चक्रातून बाहेर यायला नंतर फार वेळ लागतो. सकाळी खाल्ल्यानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, म्हणून खाणं आणि घराबाहेर पडणं यात अर्धा तास तरी मोकळा ठेवा आणि तेव्हा निवांत बसवा. त्यासाठी सगळ्यांना लवकर उठावं लागलं तरी उठा.

पायवाट

कुंचला यांना जोरदार अनुमोदन. डब्याचं वाचून आमचा डबा लगेच काढून बघितला.

मी सोडतानाच्या रडण्यावर लिहितो, कारण दोन्ही मुलांना शाळेत सोडायचं काम माझंच होतं. एकच गोष्ट ठामपणे सांगेन: मूल खेळात रमलंय असं बघून गुपचूप सटकू नका. त्या दिवशी सोपं जातं, पण बाबा न सांगता कधीही नाहीसा होऊ शकतो, एवढं मुलाला कळून चुकतं. मग ते घरातही पाठ सोडत नाही, न्हाणीघराच्या दारापर्यंत मागे येतं.

निरोप ठरलेला, छोटा आणि रोज तोच असावा. आमचा होता: एक मिठी, तळहातावर एक पापा, "डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी फाटकाशी." मग वळायचं आणि निघायचं. "जाऊ ना? नक्की जाऊ?" असं विचारू नये. विचारलं तर मूल नाहीच म्हणणार, आणि त्यानंतर आपण गेलो की त्याचं मत विचारून डावलल्यासारखं होतं.

घड्याळातली वेळ या वयात कळत नाही, म्हणून वेळ प्रसंगांनी सांगायची. आणि जे सांगितलं ते पाळायचं. पहिले काही आठवडे सुटण्याच्या वेळेच्या थोडं आधीच फाटकाशी उभे राहा. बाकीच्यांचे आईबाबा आले आणि माझे नाहीत, ही पाच मिनिटं लहान मुलाला फार मोठी असतात.

शिंपला७

पायवाट, थोडं असहमत. आमच्याकडे सांगून निघालं की वर्ग डोक्यावर घ्यायचा, न सांगता गेलं की दिवसभर मजेत. बाईंनीच सांगितलं होतं की मागच्या दाराने जा. सगळ्या मुलांना एकच नियम कसा लागू होईल?

पायवाट

शिंपला, मुलं वेगवेगळी असतात हे खरंच. पण निरोपाच्या क्षणी रडणं म्हणजे निरोप चुकला असं नाही. ज्याच्यावर जीव आहे तो माणूस निघाला की रडू येणारच. प्रश्न हा आहे की आपण गेल्यावर ते थांबतं का. बहुतेक मुलांचं थोड्याच वेळात थांबतं. वर्गातल्या बाईंना विचारा, किंवा अर्ध्या तासाने फोन करून खात्री करून घ्या, म्हणजे आपलाही जीव थाऱ्यावर राहतो.

तळटीप

मी बालमानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाबद्दल जॉन बोल्बी यांनी मांडणी केली, आणि मेरी एन्सवर्थ यांनी आई थोडा वेळ खोलीबाहेर गेल्यावर आणि परत आल्यावर मूल काय करतं याचं बारकाईने निरीक्षण केलं. ती मुलं साधारण वर्ष-दीड वर्षाची होती, म्हणजे निळाईंच्या लेकीपेक्षा बरीच लहान. पण त्यातली एक गोष्ट शाळेच्या फाटकाशीही उपयोगी पडते. आई गेल्यावर मूल किती रडलं, यापेक्षा *ती परत आल्यावर* मूल तिच्याकडे कसं गेलं आणि शांत झालं का, यावरून बंध कसा आहे हे जास्त कळत होतं.

म्हणून सोडण्याइतकाच विचार घ्यायला जाण्याचा करा. हातात फोन नको, तिथल्या तिथे इतर पालकांशी गप्पा नकोत. आधी खाली बसून तिला जवळ घ्या. तुम्हाला बघताच ती ढसाढसा रडली, तर दिवस वाईट गेला असं समजू नका. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू हक्काचं माणूस दिसताच बाहेर येतं. घरी आल्यावर क्षुल्लक कारणावरून आकांत होतो, तोही बऱ्याचदा यातलाच. तेव्हा प्रश्न नकोत आणि शिस्तही नको. आधी खाणं, मग जवळ बसणं, मग शांत खेळ.

आणखी एक. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५३ साली लिहिलं की दुपट्याचा कोपरा, मऊ बाहुली अशी एखादी वस्तू मुलाला आई आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये धीर देते. शाळेत मोठं खेळणं चालत नसेल तर तुमचा छोटा रुमाल तिच्या खिशात ठेवा. लाड होतील वगैरे काळजी नको, गरज संपली की मुलं स्वतःच ती वस्तू विसरतात.

सुतळी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवणं, लिहिणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करते, आणि मला पेन्सिलीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. जन्मतः बाळाच्या मनगटातली आठही छोटी हाडं एक्स-रेमध्ये दिसत नाहीत, कारण ती कूर्चेची असतात. पुढच्या काही वर्षांत ती एकेक करून हाडाची होतात, शेवटचं तर साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. तीन वर्षांच्या हाताला रेघांच्या वहीत पानभर लिहायला लावायचं म्हणजे अजून तयार न झालेल्या हातावर ओझं टाकायचं. मग मूल पेन्सिल दाबून धरतं, बोटं पांढरी पडतात, खांदे वर चढतात आणि लिहायचं म्हटलं की ते पळ काढतं.

मुलांना आकार कोणत्या क्रमाने जमतात हेही बघा. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्याच्या थोडं पुढे आणि त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. तिरक्या रेघा सगळ्यात शेवटी. आपली अक्षरं म्हणजे गोल, उभी रेघ आणि तिरकी रेघ यांची जुळणी. तेव्हा सव्वातीन वर्षांच्या मुलीला अक्षर काढता येत नाही, यात काहीही कमी नाही.

हाताची तयारी करायची तर माती किंवा पिठाचा गोळा मळू द्या, ओले कपडे पिळू द्या, कपड्यांचे चिमटे लावू-काढू द्या, जुने कागद फाडू द्या, पाण्याचा स्पंज एका भांड्यातून दुसऱ्यात पिळू द्या. लोंबकळणं आणि चढणं तर हवंच, कारण खांदा पक्का नसेल तर बोटं स्थिर राहत नाहीत. आणि रंगीत खडूचे मुद्दाम तुकडे करून द्या. बोटभर लांब खडू मूल मुठीत धरतं, नखाएवढा तुकडा मुठीत मावत नाही, तो आपोआप अंगठा आणि बोटांच्या चिमटीत जातो. डावा हात पुढे येत असेल तर येऊ द्या, हात बदलायला लावू नका.

शिंपला७

सुतळी, हे सगळं पटतं. पण आमच्या शाळेत पहिल्याच महिन्यात लेखन सुरू होतं आणि घरी सराव देतात. पालकांनी काय करायचं?

सुतळी

शाळेला लेखी विचारा की तोच सराव वाळूत बोटाने, फळ्यावर ओल्या ब्रशने केला तर चालेल का. बऱ्याच ठिकाणी बाई हो म्हणतात, त्यांनाही मुलांच्या हाताचे हाल दिसतच असतात. नाहीच म्हणाल्या तर घरी थोडकंच करून थांबा, पान पूर्ण झालं नाही तरी. आणि तुमचं मूल वर्गातलं सगळ्यात लहान आहे का तेही बघा. एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचं अंतर असू शकतं. तीन वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे तिसरा हिस्सा. फिनलंडमध्ये सक्तीची शाळा सुरू होते तीच मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी.

ओंजळ

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. शाळेआधी कान आणि डोळे तपासून घ्या.

आमच्या मुलाबद्दल "हाक मारली तरी बघत नाही, हट्टी आहे" असं घरीदारी सगळे म्हणायचे. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. या वयात हे फार आढळतं आणि बहुतेकदा तीनेक महिन्यांत आपोआप जातंही, पण तोवर मुलाला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. वर्गाच्या गोंगाटात तर विचारूच नका. त्याच्या बाईंना कळल्यावर त्यांनी त्याला पुढे बसवलं, समोर येऊन बोलू लागल्या, आणि "हट्टी" मूल सगळं ऐकू लागलं.

डोळ्यांचं तर मूल सांगूच शकत नाही. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर दुसरा सगळं काम करतो, आणि मुलाला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. अशा कमी दिसणाऱ्या 'आळशी' डोळ्यावर उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले, सातव्या वर्षाआधी त्यांचा गुण जास्त येतो.

निळाई, बाहेर न बोलण्याबद्दल: बरीच मुलं शाळेत सुरुवातीला गप्प असतात, तेवढ्यावरून घाबरू नका. लोकांसमोर "बोल ना, नाव सांग ना" असा आग्रह मात्र करू नका, आणि "ती लाजाळू आहे" असं तिच्यादेखत कुणाला सांगूही नका. पहिला महिना सोडून द्या. त्यानंतरही महिनाभर घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत चकार शब्द काढत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. यावर चांगले उपाय आहेत.

जुनी वही

मी आजी आहे, दोन नातवंडांची शाळा सुरू होताना घरात होते.

झोपेचं आत्तापासून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, आणि पडद्यासमोरचा वेळ तासाभराहून जास्त नको. आदल्या आठवड्यात एकदम लवकर झोपवायला गेलात तर ती टक्क जागी राहील. दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा. आणि उठायची वेळ आधी बदला, झोपायची मागोमाग येते.

दुसरं, शाळेचा धाक घालणं ताबडतोब बंद करायला सांगा सगळ्यांना. "थांब, शाळेत गेलीस की बाई बघतील" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं, तिथल्या मुलाने बाईंकडे हसत का जावं? "खूप खूप मज्जा येणार" हेही नको. काय होणार ते क्रमाने सांगा. चपला इथे ठेवायच्या, मग गोल करून बसायचं, मग खाऊ, मग आई. बाहुल्यांची शाळा मांडा आणि तिला बाई होऊ द्या. तिच्या मनात कसली भीती आहे ते ती बाहुलीच्या तोंडून सांगेल.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत जे केलं ते सांगते. डबा बदलला. आधीचा तिला खरंच उघडत नव्हता. शाळेत विचारून स्वच्छतागृह बघून आलो. फ्लशला ती घाबरली, मग बाईंनीच सुचवलं की फ्लश आम्ही करू, तिने फक्त बाहेर येऊन सांगायचं. "मला शू आली" आजीला आणि शेजारी सांगून झालं आहे, अगदी हळू आवाजात, पण सांगितलं.

बाहुल्यांच्या शाळेत एक बाहुली रोज कोपऱ्यात बसते. "तिला कुणी घ्यायला येत नाही," असं काल म्हणाली. मला खूप वाईट वाटलं आणि बरंही वाटलं की कळलं. आता आम्ही रोज त्या बाहुलीला घ्यायला जातो.

पण कालपासून "मी नाही जाणार शाळेत" सुरू झालंय. काय उत्तर देऊ? आणि किती दिवस रडणं ठीक?

कुंचला

"नाही जाणार" ला समजावत बसू नका. "तुला घरीच राहावंसं वाटतंय, हो ना?" एवढं म्हणा आणि थांबा. जायचं आहे ही गोष्ट पक्की, वाटणं तिचं. दप्तर कुठलं, रुमाल कुठला, हे मात्र तिला निवडू द्या.

रडणं बहुतेक मुलांचं काही आठवड्यांत ओसरतं. काही मुलं पहिला आठवडा हसत येतात आणि नवेपणा संपला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडू लागतात, तेही नेहमीचंच आहे. मी रडणाऱ्यांपेक्षा अगदी गप्प बसणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवते. न रडणारं मूल रुळलंच असं नसतं. महिना-दीड महिन्यानंतरही मूल वर्गात खात नसेल, खेळत नसेल, रात्री दचकून उठत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर आमच्याशी बोला. आणि एका विशिष्ट माणसाचं किंवा जागेचं नाव काढताच मूल आक्रसत असेल तर एक दिवसही थांबू नका.

त्यासाठीच शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं तिला आत्ताच सांगा. स्वच्छ करण्यापुरतं कोण हात लावेल, कोण नाही, हेही सांगा. आणि आईपासून लपवायचं असं गुपित कुणाही मोठ्या माणसाबरोबर नसतं, हे पुन्हा पुन्हा सांगा. घ्यायला कोण कोण येऊ शकतं ती नावं शाळेला लिहून द्या आणि तिलाही पाठ असू द्या.

पायवाट

आजारपणाची मनाची तयारी ठेवा. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच, शाळेच्या पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त वाटतील. साबणाने वीस सेकंद हात धुण्याची सवय लागली तर बरंच टळतं. आणि ताप असताना पाठवू नका, कितीही अडचण असली तरी.

निळाई

शाळा सुरू होऊन महिना होत आला. पहिले दिवस फाटकाशी रडली, बाईंनी कडेवर घेतलं, मी ठरलेला निरोप घेऊन निघाले. आता फक्त ओठ काढते. शूचं पहिल्या आठवड्यात सांगितलं नाही, कपडे ओले झाले. बाईंनी शांतपणे बदलले. परवा मात्र त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, बाईंनी मुद्दाम फोन करून कळवलं. वर्गात अजून फारशी बोलत नाही, पण गाण्यांना हातवारे करते म्हणे.

"आज काय केलं?" ला उत्तर मात्र "काही नाही". आणि पुढच्या आठवड्यात मोठी सुट्टी आहे, त्यानंतर सगळं पहिल्यापासून सुरू होईल का?

जुनी वही

"काय केलं" फार मोठा प्रश्न आहे तिच्यासाठी. "डबा खाताना शेजारी कोण होतं?" "आज कोण रडलं?" असं नेमकं विचारा, तेही लगेच नाही, आंघोळीच्या वेळी किंवा झोपताना. आधी तुम्ही तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा.

कुंचला

सुट्टीनंतर रडणं परत येतं, पण पहिल्याइतकं टिकत नाही. सुट्टीत उठायची वेळ फार सरकू देऊ नका. शाळेचा डबा मधूनमधून काढा, वर्गातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला खेळायला बोलवा. एक जरी ओळखीचं असलं तरी वर्गात पाऊल टाकणं सोपं जातं. बाईंना विचारा ती कुणाजवळ जाऊन बसते, आम्हाला ते बरोबर माहीत असतं. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी निरोप तोच ठेवा, एका शब्दानेही वाढवू नका.